दुधाच्या हिशोबाशेजारी माझे संकल्प: कालनिर्णयवर साडेसात महिने

आधीच सांगून टाकतो, हा रिव्ह्यू कालनिर्णयचा आहे. हो तेच, जयंतराव साळगावकरांनी १९७३ मध्ये सुरू केलेलं, आमच्याकडे फ्रिजशेजारी खिळ्याला टांगलेलं असतं ते. सणवार आणि एकादशी बघायला नाही, तर वर्षाचे संकल्प पार पाडायला मी ते साडेसात महिने वापरलंय. त्याआधी महागडा प्लॅनर आणि एक अ‍ॅप दोन्ही करून झालं, त्यामुळे तिन्हीचं लिहितो. लांबलंय, चहा घेऊन बसा.

मी चाकणला गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या एका कंपनीत क्वालिटीला आहे. डिप्लोमा मेकॅनिकल, चौदा वर्षं झाली, राहायला मोशीत. शिफ्ट ड्यूटी, एक आठवडा फर्स्ट, एक सेकंड, एक नाईट. हे मुद्दाम सांगतोय कारण 'रोज पहाटे पाचला उठा' टाईपचे सल्ले आमच्यासारख्यांसाठी नसतातच, नाईटच्या आठवड्यात पहाटे पाचला मी लाल बिनमधले रिजेक्ट पीस मोजत उभा असतो.

तर २०२५ च्या १ जानेवारीला मी अकरा संकल्प केले. अकरा! वजन कमी करायचं, इंग्लिश सुधारायचं, क्वालिटीत पुढे जायचं, बचत वाढवायची, मोबाईल कमी, लेकीला वेळ द्यायचा, वाचन, आणि बाकीचे आता आठवतही नाहीत, यावरून काय ते समजा. साडेबाराशेचा प्लॅनर मागवला. कागद एक नंबर, पेन मागे उमटत नाही, रिबिन बिबिन सगळं. पहिल्याच पानावर छापलं होतं की येल विद्यापीठात १९५३ साली ज्या ३ टक्के मुलांनी ध्येयं लिहून ठेवली ती वीस वर्षांनी बाकी सगळ्यांपेक्षा श्रीमंत झाली. वाचून अंगावर काटा आला होता. नंतर सहज शोधलं तर असा अभ्यास झालाच नव्हता, येलवाल्यांनी स्वतः शोधूनही त्यांना काही सापडलेलं नाही. साडेबाराशे रुपये देऊन वर ही दंतकथा. पण खरा प्रॉब्लेम वेगळाच, प्रत्येक दिवसाला एक पूर्ण पान, सकाळची तीन ध्येयं, रात्रीचं कृतज्ञतेचं काहीतरी, आणि तीन दिवस लिहिलं नाही की ती कोरी पानं अशी काही तोंडाकडे बघायची की चौथ्या दिवशी उघडायचीच इच्छा व्हायची नाही. आता त्यात लेक चित्रं काढते, कागद चांगला आहे म्हणलं ना.

अ‍ॅपचं थोडक्यात. सलग किती दिवस झाले ते मोजायचं आणि एक दिवस चुकला की आकडा शून्य. माझे १९ झाले होते, मग नाईट लागली, सकाळी साडेसातला घरी येऊन डोळा लागतोय तोवर टिंग, 'आज तुम्ही मागे पडलात'. डिलीट. फेब्रुवारीचा दुसरा आठवडा असेल.

मग सगळं थंड. ३० मार्चला पाडवा, आई गावाहून आली होती. मी तिला सहज म्हणलं की जानेवारीत एवढे संकल्प सोडले, एक टिकला नाही. आई म्हणाली, "सोडलेच ना? मग टिकतील कसे! त्यापेक्षा एखादा नेम धर." ती गंमतीत म्हणाली पण माझ्या डोक्यात ते 'सोडणं' आणि 'धरणं' अडकून बसलं. आई दरवर्षी चातुर्मासात काहीतरी धरते, एका वर्षी वांगं बंद, एका वर्षी रोज देवळात एक वात, एका वर्षी फक्त जेवताना मौन. एकच गोष्ट, छोटी, आषाढी एकादशीला सुरू आणि कार्तिकीला संपली, मग उद्यापन. चाळीस वर्षांत तिचा नेम मोडलेला मी बघितला नाही. आणि मी मॅनेजमेंटच्या ट्रेनिंगला बसून स्मार्ट गोल्स शिकून आलेला माणूस. ते १९८१ साली जॉर्ज डोरन नावाच्या एका अमेरिकन माणसाने लिहिलेलं, नेमकं असावं, मोजता यावं, वेळेची हद्द असावी वगैरे. आईच्या वांग्याच्या नेमात हे सगळं बसतं की. माझ्या 'क्वालिटीत पुढे जायचं' मध्ये यातलं एकही बसत नाही.

दुसरा धक्का अक्षय्य तृतीयेला, चुलतभावाच्या वास्तुशांतीला. गुरुजी संकल्प सांगत होते आणि मी पहिल्यांदा नीट ऐकलं. आधी जागा, गोदावरीच्या दक्षिण तीरी, मग संवत्सर, महिना, पक्ष, तिथी, वार, मग गोत्र, नाव, आणि सगळ्यात शेवटी काय करणार आणि कशासाठी. म्हणजे कुठे, कधी, कोण, काय, सगळं बोलून मगच हातावरचं पाणी ताम्हनात. आपण १ जानेवारीला नुसतं शेवटचं वाक्य म्हणतो! पीटर गोलविट्झर म्हणून मानसशास्त्राचे एक प्रोफेसर आहेत, त्यांनी हेच 'जर-तर' असं मांडलंय, अमुक वेळ अमुक जागा आली तर मी तमुक करणार, आणि नुसती इच्छा ठेवण्यापेक्षा असं ठरवणाऱ्यांचं काम जास्त पार पडतं. १९९९ चा लेख आहे त्यांचा. आमचे गुरुजी आधीपासून म्हणतायत, असो.

कालनिर्णयच का, तर ते घरात होतंच, आणि दिवसातून दहा वेळा त्याच्यासमोरून जाणं होतं. शिवाय एक गोष्ट शिफ्टवाल्यांच्या कामाची आहे. त्यात वार डाव्या बाजूला वरून खाली असतात, म्हणजे एक आठवडा हा एक उभा रकाना, आणि माझी शिफ्ट आठवड्याला बदलते. झालं, प्रत्येक रकान्याच्या डोक्यावर पेन्सिलने 'फ', 'से', 'ना' लिहून टाकलं. महिना सुरू होतानाच दिसतं की कुठला रकाना अवघड जाणार. आमच्याकडे कंट्रोल प्लॅनमध्ये (पार्ट बनवताना काय, कसं तपासायचं त्याचा तक्ता) शेवटचा कॉलम रिअ‍ॅक्शन प्लॅनचा असतो, म्हणजे गडबड झाली तर काय करायचं ते आधीच लिहून ठेवायचं, गडबड झाल्यावर मीटिंग भरवायची नाही. तसंच. नाईटच्या रकान्यात चालणं नाही, आधीच काट. त्यामुळे त्या आठवड्यात अपराधी वाटत नाही, तो खाडा धरतच नाही.

एप्रिलमध्ये एकच धरलं, चालणं. फर्स्ट असेल तर घरी येऊन चहा झाला की, सेकंड असेल तर लेक शाळेला गेली की, पंचवीस मिनिटं, स्पाईन रोडच्या कडेने. चाललो की त्या दिवसाच्या चौकोनात टिक, आठवड्याला तीन टिका झाल्या की पास. जूनपर्यंत बसलं. २१ दिवसांत सवय लागते असं जे सगळीकडे फिरतं त्याच्यावर विश्वास ठेवू नका, ते १९६० मधल्या एका अमेरिकन प्लास्टिक सर्जनच्या निरीक्षणावरून आलंय, पेशंटला नवीन चेहऱ्याची सवय व्हायला निदान एवढे दिवस लागतात असं काहीतरी. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजने ९६ लोकांवर बारा आठवडे खरंच मोजलं, तर मधला आकडा निघाला ६६ दिवस, आणि पसारा १८ पासून २५४ पर्यंत! आणि त्यातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट, एखादा दिवस चुकला तरी फार फरक पडत नाही. त्या अ‍ॅपवाल्याला कोणीतरी दाखवा हे.

बचतीचं सांगण्यासारखं काही नाही. पगाराच्या दुसऱ्या दिवशी कापली जाईल अशी एक वर्षाची आरडी टाकली, दर महिन्याला कालनिर्णयवर त्या तारखेभोवती फक्त एक गोल काढतो. यात मनाचा निश्चय वगैरे लागतच नाही, म्हणूनच चाललंय.

आता करिअरचं. हे मात्र नीट सांगतो कारण यात मी जास्त आपटलोय. 'क्वालिटीत पुढे जायचं' म्हणजे माझ्या मनात होतं की असिस्टंट मॅनेजर व्हायचं. ते माझ्या हातात आहे का? नाही. जागा निघायला पाहिजे, साहेबांच्या मनात यायला पाहिजे, प्लांटचे आकडे बरे पाहिजेत. माझ्या हातात काय, तर आयएटीएफ १६९४९ (गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्यांसाठीचं क्वालिटीचं स्टँडर्ड) चा इंटर्नल ऑडिटर, म्हणजे आपल्याच कंपनीत ते पाळलं जातंय का तपासणारा, व्हायला लागतं ते शिकणं. त्यासाठी कोअर टूल्स, म्हणजे क्वालिटीच्या मूळ पद्धती, आल्या पाहिजेत, पाच आहेत, एपीक्यूपी (नवीन पार्टच्या क्वालिटीचं आधीच नियोजन), पीपीएपी (पार्टला ग्राहकाची मंजुरी), एफएमईए (काय बिघडू शकतं ते आधीच शोधणं), एमएसए (मोजमापाचीच तपासणी), एसपीसी (आकडेवारीने प्रोसेसवर लक्ष ठेवणं). चौदा वर्षं यातले फॉर्म भरतोय पण 'हा आकडा इथे का' विचारलं तर माझी दांडी गुल. म्हणून आईसारखंच, ६ जुलैच्या आषाढीला धरलं आणि २ नोव्हेंबरच्या कार्तिकीला सोडायचं: कंपनीच्या बसमध्ये बसलो आणि बस सुटली की वीस मिनिटं वाचायचं. घरी टेबलवर नाही. बसमध्येच. तळेगाव चौकाचं ट्रॅफिक ज्यांनी बघितलंय त्यांना सांगायला नको की वीस मिनिटं कुठून येतात, तिथे माणूस पूर्ण एफएमईए करून उतरेल.

पहिल्या दोन आठवड्यांत टिकाच टिका, मी खूश. मग एमएसए वाचताना ट्यूब पेटली. आमच्यात एखादा गेज, म्हणजे मोजायचं साधन, वापरायच्या आधी त्याचंच मोजमाप करतात, साधारण दहा पीस, तीन माणसं, दोन-तीन वेळा मोजायचं आणि बघायचं की फरक पीसमध्ये आहे की मोजण्यातच आहे. तो घोळ ३० टक्क्यांच्या वर गेला तर गेज बाद. म्हणलं माझी टिक नक्की काय मोजतीये? मूड चांगला असेल त्या दिवशी आठ मिनिटं वाचून टिक, आणि एकदा अर्धा तास वाचून 'डोक्यात काही शिरलं नाही' म्हणून टिकच नाही. म्हणजे गेजच बाद! मग ठरवलं, तीस रुपयांच्या वहीत उतरायच्या आधी स्वतःच्या शब्दांत दोन ओळी लिहिल्या तर टिक, नाहीतर नाही. मूड गेला खड्ड्यात. यानंतर टिका कमी झाल्या पण खऱ्या झाल्या.

कार्तिकीपर्यंत टिका भरल्या ७१. म्हणजे जेमतेम चोवीस तास अभ्यास. सतरा आठवड्यांत एक दिवस! सांगायला लाज वाटते, पण त्यात एसपीसी आणि एमएसए पक्कं झालं, पीपीएपी बऱ्यापैकी, एफएमईए अर्धं. सप्टेंबरमध्ये दोन दिवसांच्या ट्रेनिंगसाठी साहेबांकडे स्वतःहून नाव दिलं, कधी नव्हे ते, शेवटची परीक्षा पास झालो. ऑक्टोबरच्या इंटर्नल ऑडिटला सिनियरबरोबर स्टोअरमध्ये गेलो आणि कॅलिब्रेशनची (साधन बरोबर मोजतंय का त्या तपासणीची) तारीख उलटलेला एक व्हर्नियर मीच पकडला. प्रमोशन? नाही झालं. जागाच निघाली नाही. एप्रिलमध्ये बघू.

आता तोटे, कारण नुसतं गुणगान वाचायला मलाही आवडत नाही. एक तर चौकोन लहान. तिथी, नक्षत्र, सण सगळं छापून उरलेल्या जागेत तुम्हाला लिहायचंय, दोनपेक्षा जास्त ध्येयं बसतच नाहीत. (याला मी आता फायदा मानतो, पण कोणाला अडचण वाटेल.) आठवण करून देत नाही. पान उलटलं की मागचा महिना गायब, म्हणून मी महिनाअखेरीला टिका मोजून नवीन पानाच्या कोपऱ्यात आकडा लिहितो. पान उलटताना एकदम नव्याने सुरुवात केल्यासारखं वाटतं ते मात्र भारी, जुलै वाईट गेला तरी ऑगस्ट कोरा. आणि मागच्या बाजूच्या रेसिपी वाचत बसण्यात वेळ जातो तो वेगळाच.

सगळ्यात मोठा राडा जूनमध्ये झाला. आमच्या घरात कालनिर्णय मूळचं बायकोचं, दुधाच्या हिशोबाचं. दूध आलं नाही त्या दिवशी ती फुली मारते. मी चाललो नाही त्या दिवशी मीही फुली मारायला लागलो, तेही त्याच निळ्या पेनने. महिनाअखेरीला तिने दूधवाल्याचे सात खाडे कापले, तो म्हणे तीनच, दारात पंधरा मिनिटं हुज्जत, तो बिचारा स्वतःची डायरी काढून दाखवतोय, आणि मी आतून ऐकतोय आणि हळूहळू कळतंय की चार फुल्या माझ्या आहेत. बाहेर जाऊन कबूल केलं. दूधवाला जाताना म्हणाला, "दादा, चालत जा रोज, माझे पैसे तरी वाचतील." तेव्हापासून माझा पेन हिरवा आणि फुल्या बंद, नुसती टिक किंवा काही नाही. पण हेही खरं की बायको आणि लेक दोघी येताजाता बघतात. "बाबा, या रकान्यात एकच टिक?" हे लेकीचं वाक्य कुठल्याही नोटिफिकेशनपेक्षा जास्त लागतं.

बाकी अकरापैकी काय झालं म्हणाल तर इंग्लिश मीच काढून टाकलं, सध्या त्याची गरज नव्हती, चारजण म्हणतात म्हणून लिहिलं होतं. वजन ८४ चं ८२, म्हणजे ढिम्म, रात्रीच्या कँटीनच्या वड्याला माझ्याकडे अजून रिअ‍ॅक्शन प्लॅन नाही. मोबाईल तेवढाच. लेकीला वेळ हे मोजायचं कसं तेच कळलं नाही, मोजू नये असंही वाटलं, तसंच ठेवलंय.

स्टार द्यायचे तर प्लॅनरला दोन (कागदाचे), अ‍ॅपला एक, कालनिर्णयला साडेचार. अर्धा कापला चौकोनाच्या आकाराचा. एफएमईएचं उरलेलं अर्धं आता धरलंय, होळीपर्यंत, बसमध्येच.

२०२६ ची दोन कालनिर्णय आणायची ठरलीत. फ्रिजशेजारचा खिळा दुधाला, माझं दाराच्या मागे जाणार होतं, पण लेक म्हणते तिथे तिला दिसणार नाही.