बडोद्यातील घरासाठी घेतलेली कीटकनियंत्रण सेवा: सविस्तर अभिप्राय

थंड हवेच्या गावातून गुजरातच्या मैदानी भागात राहायला येणारे कुटुंब उन्हाची तयारी करून येते. पंखे, कूलर, माठ, खिडक्यांचे पडदे या सगळ्यांचा विचार झालेला असतो; घरात शिरणाऱ्या कीटकांचा विचार मात्र क्वचितच होतो. वास्तविक या दोन्ही गोष्टींचे मूळ एकच आहे. कीटकांना स्वतःच्या शरीराची ऊब राखता येत नाही. त्यांच्या वाढीचा वेग भोवतालच्या हवेवर ठरतो, आणि म्हणून ज्या झुरळाला थंड खोलीत पूर्ण वाढ होण्यास कित्येक महिने लागतात, तेच तिशीच्या आसपासच्या तापमानात दोन-तीन महिन्यांत पुढची पिढी जन्माला घालते. आम्ही पाचगणीहून बडोद्यात आलो. पाचगणी समुद्रसपाटीपासून सुमारे १,३०० मीटर उंचीवर आहे आणि तेथील हिवाळ्यात किडामुंगीची वाढ आपोआप मंदावते. बडोद्यात जानेवारीची दुपारही उबदार असते आणि फ्रीजच्या मागची जागा तर बाराही महिने गरम राहते. तेव्हा येथे वर्षभर लक्ष ठेवणारी व्यवस्था हवी, एकदा फवारणी करून भागणार नाही, हे मांजलपूरमधील घर घेतानाच शेजारच्या काकूंनी बजावले होते, आणि त्यांच्याच सांगण्यावरून आम्ही एका स्थानिक संस्थेशी वार्षिक करार केला.

संस्थेचे नाव मी लिहीत नाही, कारण शहरात अशा लहानमोठ्या अनेक संस्था आहेत आणि वाचकाला नावापेक्षा कामाची पद्धत अधिक उपयोगी पडेल. ज्या कसोट्यांवर मी ही सेवा पारखली, त्याच कसोट्यांवर अलकापुरीतील किंवा कारेलीबागेतील कोणतीही संस्था पारखता येईल.

आमचे घर म्हणजे जुने टेनामेंट. तळमजला, मागच्या बाजूला भांडी घासण्याची चोकडी, तिच्यापलीकडे थोडी मोकळी माती आणि कडुलिंबाचे झाड. अशा घरात सर्वांत महत्त्वाची ठरते ती पहिली पाहणी, आणि या संस्थेला मी पूर्ण गुण देते ते याच कामासाठी. आलेल्या कारागिराने फवाऱ्याची टाकी गाडीवरच ठेवली आणि केवळ बॅटरी, लहान आरसा व स्क्रूड्रायव्हर घेऊन घर पाहिले. सिंकखालचे कपाट, गॅसच्या ओट्याची मागची फट, फ्रीजच्या कॉम्प्रेसरची जागा, दरवाजांच्या बिजागऱ्या, इलेक्ट्रिक बोर्डांच्या चौकटी, मोरीची जाळी, चोकडीचा नळ, सगळीकडे त्याने आरसा धरून पाहिले. सामानाचे पुठ्ठ्याचे खोके स्वयंपाकघरात रचलेले दिसताच तो म्हणाला, “बेन, पहिल्यांदा हे बाहेर काढा. औषध नंतर.” खोक्यांच्या पन्हाळी पुठ्ठ्यात झुरळांना लपायला आणि अंडी घालायला आयती जागा मिळते, आणि घर बदलताना ती एका गावाहून दुसऱ्या गावी आपल्याच सामानातून प्रवास करतात. जो कोणी नव्या घरात सामान लावत असेल त्याने खोकी अंगणातच उघडावीत आणि त्याच दिवशी भंगारवाल्याला द्यावीत. या सल्ल्यासाठी पैसे लागत नाहीत, तरी तो देणारी माणसे थोडी असतात.

आता झुरळांविषयी. आमच्या घरात दोन जाती निघाल्या, आणि दोन्हींचा बंदोबस्त वेगळा आहे हे कारागिराने समजावून सांगितले. पहिली म्हणजे स्वयंपाकघरातील लहान, फिकट तपकिरी, मानेच्या ढालीवर दोन काळ्या रेघा असलेली जर्मन झुरळे. यांची मादी तीस-चाळीस अंड्यांची कुपी फुटण्याची वेळ येईपर्यंत स्वतःच्या अंगालाच धरून फिरवते, त्यामुळे वरवरच्या फवाऱ्याने ती मेली नाही तर अंडीही सुरक्षित राहतात. यांच्यासाठी संस्थेने फवारा अजिबात वापरला नाही. इमिडाक्लोप्रिड हे कीटकनाशक असलेल्या जेलचे मसुराएवढे ठिपके बिजागऱ्यांत, ओट्याच्या खालच्या कडेला आणि फ्रीजच्या मागे दिले. जेल खाल्लेले झुरळ लगेच न मरता आपल्या लपण्याच्या जागी परत जाते. तेथे त्याची विष्ठा आणि त्याचे मृत शरीर इतर झुरळे, विशेषतः पिल्ले, खातात व तीही मरतात. फवाऱ्याने जी टोळी विखुरते आणि शेजारच्या खोलीत जाऊन बसते, ती जेलने बिळातच संपते. मात्र यासाठी घरातल्यांनाही शिस्त पाळावी लागते: ठिपक्यांच्या जवळ फिनेल, झुरळांचा खडू किंवा बाजारातील स्प्रे वापरायचा नाही, कारण त्या वासाने झुरळे आमिषाकडे फिरकतच नाहीत. रात्री ओटा पुसलेला, कचऱ्याचा डबा झाकलेला आणि सिंक कोरडे असले पाहिजे. दुसरे खाणे मिळाले तर ती जेल कशाला खातील? आम्ही हे पाळले आणि काही आठवड्यांत दिवा लावल्यावर होणारी धावपळ थांबली. नंतरच्या भेटीत कारागिराने वेगळे आमिष वापरले. अमेरिकेत १९९० च्या दशकात गोड आमिष नाकारणाऱ्या जर्मन झुरळांच्या पिढ्या आढळल्या होत्या, त्यामुळे आमिष आलटून पालटून वापरण्याची ही पद्धत मला शास्त्रशुद्ध वाटली.

दुसरी जात म्हणजे गटारातून येणारी मोठी लालसर झुरळे. ही घरात वाढत नाहीत, खालून येतात, आणि त्यांच्यावर जेलचा फारसा उपयोग नसतो. त्यांचा मार्ग आमच्या पाहुण्यांच्या न्हाणीघरात सापडला. जमिनीतील नहाणी ट्रॅपमध्ये नेहमी थोडे पाणी साठून राहते आणि तेच पाणी गटारातील वास व किडे वर येऊ देत नाही. मे महिन्याच्या कडक उन्हाळ्यात, वापरात नसलेल्या न्हाणीघरातील हे पाणी आटून जाते आणि खालचा रस्ता उघडा पडतो. थंड गावी हे पाणी इतक्या लवकर आटत नाही, म्हणून तिकडच्या माणसाला हे सुचतही नाही. उपाय एवढाच की आठवड्यातून एकदा त्यात तांब्याभर पाणी ओतावे आणि वर बारीक जाळी बसवावी. अंगणातील चेंबरमध्ये औषध मारण्याचे काम करारात होते व ते पावसाळ्यापूर्वी झाले. २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीला पूर आला तेव्हा सखल भागात गटारे भरून झुरळे वर आल्याचे शेजारी सांगतात, त्यामुळे ही वेळ चुकवू नये.

वाळवीचे काम स्वतंत्र करारात होते, ते महागही होते, आणि त्यावर मी थोडे अधिक लिहिणार आहे, कारण बडोद्यात जुन्या लाकडाच्या घरांची आणि वाड्यांची संख्या मोठी आहे. जूनमध्ये पहिला जोराचा पाऊस झाला त्या संध्याकाळी दिव्याभोवती पंखवाले किडे जमले आणि सकाळी खिडकीच्या कट्ट्यावर केवळ पंखांचा ढीग उरला. हे वाळवीचे नर-मादी असतात; नवे वारूळ वसवण्यासाठी उडतात आणि जमिनीवर उतरल्यावर पंख टाकून देतात. दिव्यावर आलेल्या किड्यांचा अर्थ आपल्याच घराला वाळवी लागली आहे असा नसतो, परंतु पंख घरातील चौकटीपाशीच पडलेले असतील तर पाहणी करणे शहाणपणाचे. आमच्या मागच्या दाराच्या सागवानी चौकटीवर मातीची एक बारीक नळी वर चढलेली होती. कारागिराने ती लगेच खरवडली नाही. ती कोठून निघते आणि कोठे जाते हे त्याने आधी खडूने आखले, स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने चौकट ठोकून पोकळ आवाज कोठे येतो ते पाहिले, आणि मगच कामाची आखणी केली. नळी आधी पुसून टाकली असती तर वाट सापडली नसती.

उपचाराची पद्धत भारतीय मानक ६३१३ च्या तिसऱ्या भागाला धरून होती. हा भाग आधीच बांधलेल्या इमारतींसाठी आहे. भिंत आणि फरशी जेथे मिळतात त्या रेषेवर सुमारे ३०० मिलिमीटर अंतराने १२ मिलिमीटर व्यासाची छिद्रे पाडतात, प्रत्येक छिद्रात सुमारे एक लिटर द्रावण सोडतात, आणि नंतर छिद्रे पांढऱ्या सिमेंटने बुजवतात. कमी दरात काम करणारे लोक छिद्रांतील अंतर वाढवतात किंवा द्रावण अर्धेच सोडतात. वरून दिसायला दोन्ही कामे सारखीच दिसतात, म्हणून घरमालकाने मोजपट्टी घेऊन जवळ उभे राहावे असे मी आग्रहाने सांगेन. औषध म्हणून त्यांनी क्लोरपायरीफॉसऐवजी इमिडाक्लोप्रिड सुचवले. क्लोरपायरीफॉसचा वास उग्र असतो आणि तो बंद घरात बरेच दिवस रेंगाळतो. इमिडाक्लोप्रिडला जवळजवळ वास नसतो, वाळवीलाही ते मातीत असल्याचे कळत नाही, ती त्यातून ये-जा करत राहते आणि आपल्या सोबतिणींपर्यंत ते पोहोचवते. वास आला नाही म्हणून औषध सौम्य किंवा बनावट आहे असे समजणारे पुष्कळ लोक भेटतात. तो समज चुकीचा आहे.

पुस्तकांच्या बाबतीत मात्र संस्थेचा सल्ला अपुरा वाटला. माझ्याकडे जुन्या मराठी पुस्तकांची दोन कपाटे आहेत आणि त्यांना वाळवीइतकाच धोका कसरीचा असतो. त्यासाठी कपाटात फवारणी करण्याचा त्यांचा प्रस्ताव मी नाकारला, कारण कागदावर ओले औषध पडणे हेच नुकसान आहे. कपाटे भिंतीपासून चार बोटे पुढे ओढली, खालचा कप्पा रिकामा ठेवला आणि पावसाळ्यात आठवड्यातून एकदा पुस्तके उघडून वाऱ्याला ठेवली, तेव्हा प्रश्न आटोक्यात आला. मांडवीतील सेंट्रल लायब्ररीच्या पोलादी मांडण्या पाहिल्या की सयाजीराव महाराजांच्या काळात ग्रंथसंग्रहाच्या रचनेचा किती दूरवरचा विचार झाला होता हे जाणवते. लाकडाच्या फळ्याच नसतील तर वाळवीला चढण्यासाठी आणि खाण्यासाठी निम्मी वाट कमी होते.

माझी मुख्य तक्रार डासांविषयी आहे. जाहिरातीत ‘सर्व कीटकांपासून संरक्षण’ असे ठळक लिहिलेले होते, पण करारपत्राच्या मागील बाजूला बारीक अक्षरांत डास वगळलेले होते. बडोद्यात राहायला येणाऱ्याची पहिली काळजी डेंग्यूची असते, तेव्हा ही गोष्ट तोंडी आणि आधी सांगायला हवी होती. कारागिराने स्वतःहून माहिती दिली ती मात्र अचूक होती. डेंग्यू पसरवणारा एडिस डास दिवसा चावतो आणि स्वच्छ, साठलेल्या पाण्यात वाढतो. अंड्यापासून डास होण्यास उष्ण हवेत आठवडा ते दहा दिवस पुरतात. म्हणून कूलरची टाकी, कुंड्यांखालच्या थाळ्या आणि पक्ष्यांसाठी ठेवलेले भांडे आठवड्यातून एकदा रिकामे करावे. नुसते रिकामे करून भागत नाही, कडा घासाव्या लागतात, कारण याची अंडी भांड्याच्या भिंतीला चिकटतात आणि कोरड्या अवस्थेत महिनोन्‌महिने टिकून पुन्हा पाणी मिळताच फुटतात. रस्त्यावरच्या धुरामुळे फक्त उडणारे डास मरतात, पाण्यातील अळ्यांना त्याचा स्पर्शही होत नाही. आम्ही खिडक्यांना जाळ्या बसवून घेतल्या आणि तो खर्च मला सर्वांत सत्कारणी लागलेला वाटतो. ‘हर्बल’ म्हणून विकल्या जाणाऱ्या आणि पाकिटावर नोंदणी क्रमांक नसलेल्या डासांच्या उदबत्त्या घरात लावू नयेत, हेही येथे स्पष्ट सांगते.

धान्यातील टोके आणि पोरकिडे यांच्याबद्दल संस्थेला विचारण्याची गरज नाही. इथल्या घरांत वर्षाचा गहू दिवेल (एरंडेल तेल) चोळून भरून ठेवण्याची जी रीत आहे, ती आम्हीही उचलली आणि ती उत्तम चालते.

कागदपत्रांबाबत दोन गोष्टी नोंदवते. व्यावसायिक कीटकनियंत्रणासाठी १९६८ चा कीटकनाशक कायदा आणि १९७१ चे नियम यांनुसार परवाना लागतो. मागितल्यावर संस्थेने तो दाखवला. औषधाच्या बाटलीवरील चौकोनात लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा त्रिकोण असतो आणि त्यावरून विषारीपणाची श्रेणी कळते. घरात लाल किंवा पिवळ्या त्रिकोणाचे औषध येऊ देऊ नये, आणि बाटली सीलबंद आहे ना, ते पाहावे. कामाच्या पावतीवर औषधाचे नाव होते परंतु प्रमाण नव्हते. ते आग्रह धरून लिहून घ्यावे लागले. शिवाय मुंग्यांसाठी अंगणात फवारा मारताना नातवाच्या माशांच्या टाकीबद्दल कोणी विचारले नाही. अशा फवाऱ्यांत वापरली जाणारी पायरेथ्रॉइड वर्गातील औषधे माशांना अतिशय घातक असतात, म्हणून टाकी झाकणे आणि तिचा हवेचा पंप थोडा वेळ बंद ठेवणे ही सूचना त्यांच्याकडून यायला हवी होती. ती मीच केली.

झुरळे आणि मुंग्यांचा वार्षिक करार साडेतीन हजार रुपयांच्या आसपास पडला, त्यावर १८ टक्के जीएसटी. वाळवीचे काम चौरस फुटावर आकारले जाते आणि त्याला काही वर्षांची हमी मिळते, परंतु मधल्या काळात फरशी उखडली किंवा नळाची नवी ओळ टाकली तर त्या भागाची हमी संपते, हे करारातील कलम सही करण्यापूर्वी वाचावे. मी करार पुढे चालू ठेवला आहे, मात्र दोन बदल करून: प्रत्येक भेटीच्या पावतीवर औषध आणि प्रमाण दोन्ही लिहिले जाईल, आणि वर्षातील एक भेट जूनच्या पहिल्या आठवड्यात, पाऊस सुरू होण्याआधी, ठरलेली असेल. संस्थेने दोन्ही अटी लेखी मान्य केल्या.