सिस्ट की चरबीची गाठ: काढायची की राहू द्यायची?

पाठीवर किंवा दंडावर आलेल्या गाठीला घरात सरसकट आवाळू म्हणतात. त्यांतल्या बहुतेक गाठी दोनच प्रकारच्या असतात: सिस्ट किंवा चरबीची गाठ, म्हणजे लायपोमा. दोन्ही सहसा निरुपद्रवी. पण काढावी की नाही, याचं उत्तर दोघींसाठी वेगळं आहे.

सिस्ट ही पिशवी असते. त्वचेच्या वरच्या थरातल्या पेशी आत अडकतात आणि तिथेच केराटिन (केस-नखं ज्याची बनतात ते प्रथिन) तयार करत राहतात. ते साचून घट्ट, पांढरट आणि दुर्गंधी येणारं होतं. चरबीच्या गाठीत तसं काही साचलेलं नसतं, ती नुसती चरबीच असते. बोटाला फरक कळतो. सिस्ट कातडीला चिकटलेली असते आणि पुष्कळदा तिच्या मध्यावर बारीक काळसर छिद्र दिसतं. चरबीची गाठ कातडीखाली असते, मळलेल्या कणकेसारखी मऊ लागते आणि कडेला दाबली की बोटाखालून सटकते.

सिस्टचा खरा त्रास तिच्या पिशवीत आहे. दाबून पिळली की घाण बाहेर येते, गाठ बसल्यासारखी वाटते, पण पिशवी आत राहिली की ती पुन्हा भरते. शिवाय दाबताना पिशवी आतल्या आत फुटली तर केराटिन आजूबाजूला पसरतं आणि तो भाग लाल होऊन ठणकतो. जंतुसंसर्ग नसतानाही असं होतं. पू झाला असेल तर डॉक्टर आधी छेद देऊन तो काढतात, सूज पूर्ण उतरू देतात आणि काही आठवड्यांनी पिशवी काढतात. सुजलेल्या अवस्थेत ती अखंड निघणं अवघड असतं. म्हणून माझं स्पष्ट मत आहे: सिस्ट एकदा जरी सुजली असेल, किंवा पट्टा, कॉलर, हेल्मेटची दोरी घासते अशा जागी असेल, तर ती शांत असतानाच काढून घ्या. जागा बधिर करून केलेली छोटी शस्त्रक्रिया असते आणि सहसा त्याच दिवशी घरी येता येतं. कधीच त्रास न दिलेली सिस्ट राहू दिली तरी चालते.

चरबीच्या गाठीबाबत घाई नको. वजन उतरवून किंवा तेल चोळून ती विरघळत नाही, पण काढण्याची गरजही क्वचितच पडते. काही कुटुंबांत अनेकांच्या अंगावर अशा पुष्कळ गाठी असतात. मात्र गाठ भराभर वाढत असेल, दुखत असेल, टणक किंवा खोल असेल, किंवा ५ सेंटीमीटरपेक्षा मोठी असेल तर सोनोग्राफी आणि सर्जनचा सल्ला लांबवू नका.

चामखीळ आणि मस यांचं थोडक्यात सांगते. चामखीळ विषाणूमुळे होते आणि पसरू शकते. लहान मुलांमध्ये ती पुष्कळदा आपोआप जाते. मानेवर, काखेत लोंबणारे मस पसरत नाहीत, पण ते बरेच असतील आणि मान काळवंडली असेल तर रक्तातली साखर तपासा. दोन्हींवर चुना लावू नका, घोड्याचा केस बांधू नका. चुन्याने भाजतं, आणि मधुमेह असलेल्याच्या पायावर तशी जखम महिनोन्‌महिने चिघळू शकते.

तळहात, तळपाय किंवा नखाखाली नवा काळा डाग, रंग-आकार बदलणारा तीळ, भरतच नसलेली जखम यांची गोष्ट निराळी. या गाठी नव्हेत, आणि इथे वाट पाहणं योग्य नाही. लगेच त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा.

कोणतीही गाठ काढून घेण्याआधी डॉक्टरांना दोन गोष्टी विचारा: सिस्ट असेल तर पिशवी पूर्ण निघेल का, आणि काढलेला भाग पॅथॉलॉजीच्या तपासणीला पाठवणार का.