बिडाच्या मॅनिफोल्डचे वेल्डिंग: दारूखान्यातील एका वर्कशॉपविषयी

एक्झॉस्ट मॅनिफोल्डला, म्हणजे इंजिनाच्या सिलिंडरांतला धूर एकत्र करून बाहेर नेणाऱ्या ओतीव भागाला, तडा गेला की बहुतेक ठिकाणी लगेच वेल्डिंगचा रॉड लावला जातो आणि धातू कोणता, हा प्रश्न जोड पुन्हा फुटल्यावरच पुढे येतो. मुंबईत रे रोड स्थानकाजवळच्या दारूखाना भागातील ज्या लहान वर्कशॉपविषयी मी लिहीत आहे, तेथे आधी धातू ओळखला जातो. तेथे काम द्यावे असे मी म्हणतो, ते मुख्यतः यासाठी.

आमच्या पाण्याच्या टँकरच्या सहा सिलिंडरी डिझेल इंजिनाच्या मॅनिफोल्डला दोन पोर्टांच्या (सिलिंडरांतून धूर आत येण्याच्या तोंडांच्या) मध्ये तडा गेला होता. उपनगरातील एका गॅरेजने तो साध्या माइल्ड स्टीलच्या रॉडने भरला. थोड्याच दिवसांत जुन्या जोडाला लागून नवी भेग निघाली. बिडात (कास्ट आयर्नमध्ये) साधारण २.५ ते ४ टक्के कार्बन असतो. वितळलेला भाग झपाट्याने थंड झाला की जोडाच्या कडेला काचेसारखे ठिसूळ पांढरे बीड तयार होते आणि वर बसलेले पोलाद आकसताना नेमकी तीच कड ओढली जाते.

दारूखान्यातील मिस्त्रींनी प्रथम मॅनिफोल्डच्या खालच्या, न दिसणाऱ्या बाजूला ग्राइंडर लावला. ठिणग्या आखूड, मंद आणि लालसर होत्या. पोलाद असते तर त्या लांब आणि उजळ पिवळ्या निघाल्या असत्या. मग तेथेच थोडे ड्रिल केले. निघालेला चुरा बोटांत चुरगळला आणि हात काळे झाले, म्हणून हे करडे बीड आहे हे नक्की झाले. पोलादाची चीप वेटोळे घेत निघते, तर एस.जी. आयर्नची (गोल कणांचे ग्रॅफाइट असलेल्या, अधिक चिवट बिडाची) चीप करड्या बिडापेक्षा कमी भुगा होते आणि हातोडीने ठोकल्यावर त्याचा नाद स्वच्छ येतो. नव्या टर्बो इंजिनांवर पुष्कळदा सिलिकॉन आणि मॉलिब्डेनम मिसळलेले एस.जी. आयर्न असते, तर काहींवर कास्ट स्टील. खडबडीत पृष्ठभाग आणि उठावाचे आकडे या सर्वांवर सारखेच दिसतात. केवळ डोळ्यांनी ठरवू नये, हे त्यांनी मला समजावून सांगितले.

कामाची पद्धत पाहण्यासारखी होती. तेल आणि काजळी जाळून काढली, तड्याच्या दोन्ही टोकांना ३ मिलिमीटरची भोके पाडली म्हणजे भेग पुढे धावणार नाही, मग व्ही आकाराची खाच केली. मॅनिफोल्ड जाड, सपाट प्लेटवर बोल्ट करून सर्वच्या सर्व सुमारे ३०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवला. एकच जागा तापवली तर दुसऱ्या टोकाला नवा तडा जातो. नंतर ५५ टक्के निकेलचा रॉड घेऊन साधारण २५ मिलिमीटर लांबीचे जोडाचे तुकडे, जागा बदलत बदलत टाकले आणि प्रत्येक तुकडा गरम असतानाच हलक्या हातोडीने ठोकला. ९९ टक्के निकेलच्या रॉडचा जोड अधिक मऊ आणि मशीनिंगला सोपा असतो. ५५ टक्क्यांचा अधिक मजबूत, आणि तापल्यावर फुगणेही कमी. शेवटी सारा नग कोरड्या चुन्याच्या भुकटीत पुरून रात्रभर निवू दिला.

उणिवाही सांगायला हव्यात. अंदाजपत्रक लेखी मिळत नाही. रॉड नगावर मोजले जातात आणि निकेल महाग असल्याने अंतिम रक्कम तोंडी सांगितलेल्या आकड्याच्या वर गेली. जोड तपासण्याची पद्धत त्यांच्याकडे ठरलेली नाही. मी आग्रह धरला तेव्हा त्यांनी बाहेरून खडूचे पाणी लावून आतून रॉकेल सोडले. डाग कुठेच उमटला नाही. हे प्रत्येक ग्राहकासाठी आपणहून व्हायला हवे. फ्लँजची (इंजिनाला टेकणाऱ्या सपाट कडेची) फेसिंग, म्हणजे मशीनवर सपाट करणेही, दुसरीकडे करून घ्यावी लागते. ती टाळू नये, कारण स्ट्रेटएज (सरळ पट्टी) आणि फीलर गेज (फट मोजण्याच्या पातळ पात्या) लावून पाहिले तर वेल्डिंगनंतर पोर्ट क्वचितच एका पातळीत मिळतात, आणि तशीच गॅस्केट कसली तर मॅनिफोल्ड पुन्हा ताणाखाली येतो.

त्यांच्या प्रामाणिकपणाचा मला विशेष आदर वाटला. माझ्यासमोरच एका ग्राहकाचा मॅनिफोल्ड त्यांनी परत केला. आतून जळून भिंत पातळ झाली होती आणि अशा बिडावर जोड धरत नाही, नवा घ्या, असे स्पष्ट सांगितले. ज्या जुन्या इंजिनांचे सुटे भाग आता सहज मिळत नाहीत, त्यांच्या मालकांनी येथे जरूर जावे. तुटलेले स्टड (मॅनिफोल्ड कसण्याचे आटेदार खिळे) मात्र आधीच काढून न्यावेत. ते काम येथे घेत नाहीत.