पिकलबॉलचं पॅडल: फायबरग्लास की कार्बन?

टेनिस सोडून पिकलबॉलकडे वळलेल्या एका मैत्रिणीला पडलेला प्रश्न. पॅडल म्हणजे या खेळातली सपाट, बिनतारांची बॅट. आतला गाभा दोन्हींत बहुधा सारखाच: पॉलिप्रॉपिलीनचा, मधमाश्यांच्या पोळ्यासारखा. फरक वरच्या थरात.

फायबरग्लास जरा लवचीक, त्यामुळे चेंडू उसळून जातो. हातात फार जोर नसला तरी सर्व्हिस खोल पडते. पण नेटलगतच्या 7 फुटांच्या ‘किचन’मध्ये चेंडू अलगद टाकायचा असतो, तिथे हीच उसळी नडते. आणि दुहेरीत बरेचसे गुण ठरतात ते तिथेच! कार्बन कडक. फटका ताब्यात राहतो, खरखरीत पृष्ठभागामुळे फिरकीही चांगली मिळते. ती खरखर मात्र खेळून खेळून झिजते, पॅडल धडधाकट असलं तरी. किंमत साधारणपणे कार्बनचीच जास्त.

जाडीही बघावी: 16 मिलिमीटरचा गाभा ताबा देतो, 13चा वेग. वेष्टनावरच्या ‘प्रो’कडे काणाडोळा करावा.

रविवारी गंमत म्हणून खेळणाऱ्याला फायबरग्लास पुरे. टेनिसवाल्यांकडे ताकद मुळातच असते, कमी पडतो तो हलका हात. मैत्रिणीने 16चं कार्बनच घ्यावं.