‘मदरबोर्ड गेला’ म्हणून साडेआठ हजार घेतले, आणि बोर्ड तोच निघाला

जुना लॅपटॉप दुरुस्तीला टाकायचा विचार असेल तर आधी हे वाचा. आमच्या घरात जे झालं ते जसंच्या तसं लिहितोय. दुकानाचं नाव देत नाही, कारण तक्रार अजून चालू आहे.

लॅपटॉप माझ्या भाचीचा. डेलचा इन्स्पिरॉन, बरीच वर्षं वापरलेला, पण तिच्या डिप्लोमाच्या अभ्यासाला पुरेसा. एके दिवशी तो एकदम बंद पडला. फोनवर ती म्हणाली, ‘मामा, चार्जर प्लगला लावला की त्याचा दिवा लागतो, पण पिन लॅपटॉपमध्ये घातली की लगेच विझतो.’ मी तेव्हा गावी होतो, म्हणून दाजी तो पुण्यातल्या एका दुकानात घेऊन गेले. काउंटरवरच्या माणसानं लॅपटॉप आत नेला आणि दहा मिनिटांत बाहेर येऊन सांगितलं, ‘बोर्ड डेड आहे. नवीन टाकावा लागेल, साडेआठ हजार.’ बोर्ड म्हणजे मदरबोर्ड, लॅपटॉपचे सगळे भाग ज्याला जोडलेले असतात ती मुख्य पाटी. दाजींनी बिल मागितलं, तर ‘बिल घेतलं तर वर 18 टक्के जीएसटी पडेल, कशाला उगाच?’ असं उत्तर मिळालं. जुना बोर्ड मागितला, तर ‘तो एक्स्चेंजमध्ये जातो, म्हणून तर हा रेट बसतो.’ परीक्षा तोंडावर होती. दाजींनी जीपेनं पैसे दिले आणि लॅपटॉप घरी आणला. चालू झाला होता, त्यामुळे सगळे खूश.

काही महिन्यांनी लॅपटॉप पुन्हा बंद. दुकानदार म्हणाला वॉरंटी संपली, आता दुसरा बोर्ड टाकावा लागेल. या वेळी मी पुण्यात होतो. म्हटलं, नव्या बोर्डाला काही महिन्यांत काय होतं ते आधी बघू. चिप लेव्हलचं, म्हणजे बोर्डावरचे बारीक भाग दुरुस्त करायचं काम करणारा एक कारागीर ओळखीतून मिळाला आणि त्यानं सगळं माझ्यासमोर उघडलं.

आधी त्यानं व्होल्ट मोजायचा मल्टिमीटर घेतला आणि चार्जरचा अडॅप्टर तपासला. 19.5 व्होल्ट, बरोबर. मग बोर्ड बाहेर काढला, बॅटरी, हार्ड डिस्क, स्क्रीन सगळं सोडवलं, फक्त प्रोसेसरचा पंखा आणि एक रॅम ठेवली. टेबलावरच्या डीसी पॉवर सप्लायवर 19 व्होल्ट लावून दोन वायरी थेट बोर्डाला दिल्या. करंटचा आकडा जेमतेम 0.02 अँपिअर. ‘हे बरोबर आहे,’ तो म्हणाला. ‘शॉर्ट असता तर आकडा एकदम वर गेला असता आणि सप्लायनं मान टाकली असती.’ मग पॉवरचं बटण दाबलं. आकडा अर्ध्या अँपिअरच्या पुढे गेला आणि वरखाली नाचायला लागला. आकडा असा नाचतो म्हणजे प्रोसेसर काम करतोय. एचडीएमआयला मॉनिटर जोडला, त्यावर डेलचा लोगो आला. बोर्ड ठणठणीत होता. बिघाड चार्जिंगच्या जॅकमध्ये होता. या मॉडेलमध्ये तो जॅक बोर्डाला डाखलेला नसतो, छोट्या वायरीनं जोडलेला असतो, आणि काही शे रुपयांत बदलतो. बॅटरी म्हातारी झालेली, जॅकमधून सप्लाय येत नाही, म्हणून लॅपटॉप मेल्यासारखा दिसत होता.

खरा धक्का पुढे होता. त्यानं बोर्ड दिव्याखाली धरला आणि पॉवर सेक्शनमधली एक जागा दाखवली. तिथे तांदळाच्या दाण्याहून बारीक कपॅसिटर, म्हणजे थोडी वीज साठवणारा भाग, असतो. ती जागा रिकामी होती आणि भोवती सोल्डरिंगला वापरतात तो चिकट तपकिरी फ्लक्स तसाच राहिलेला. ‘इथला कपॅसिटर शॉर्ट झाला होता. कुणीतरी तो नुसता उचललाय. त्या लाइनवर असे बरेच असतात, एक काढला तरी चालतं.’ पहिल्या वेळी चार्जरचा दिवा विझायचा तो यामुळेच. अडॅप्टरला पुढे शॉर्ट दिसला की तो स्वतःला बंद करतो.

म्हणजे हा ‘नवीन’ बोर्ड आधी कुणीतरी दुरुस्त केलेला होता. पण कुणाचा? बोर्डावर बारकोडचा एक स्टिकर असतो, त्यावर ‘सीएन’नं सुरू होणारा लांबलचक नंबर. आदल्या वर्षी या लॅपटॉपची रॅम मीच वाढवली होती, आणि उघडताना कुठला स्क्रू कुठे ते लक्षात राहावं म्हणून फोटो काढले होते. मोबाइलमध्ये ते होतेच. झूम करून नंबर ताडून पाहिला. शेवटच्या अक्षरापर्यंत तोच. बोर्ड बदललाच नव्हता. एक कपॅसिटर उचलायचे साडेआठ हजार घेतले होते.

मला राग पैशांचा कमी आणि खोटेपणाचा जास्त आला. शॉर्टिंग शोधणं ही कला आहे, त्याचे हजार-दीड हजार मागितले असते तर दाजींनी आनंदानं दिले असते. ‘मदरबोर्ड गेला’ हे वाक्य मात्र गिऱ्हाईक तपासू शकत नाही, म्हणून सर्रास फेकलं जातं. काही ठिकाणी तर बोर्डाला नुसती हीट गननं ऊब देतात. तेवढ्यानं तो काही आठवडे चालतो, मग पुन्हा बंद पडतो, आणि गिऱ्हाईक वॉरंटीच्या बाहेर गेलेलं असतं.

म्हणून दुकानात जाण्याआधी घरी एवढं करून बघाच. चार्जर काढा, बॅटरी निघत असेल तर तीही काढा, आणि पॉवरचं बटण अर्धा मिनिट दाबून धरा. मग फक्त चार्जर लावून चालू करा. साठलेला चार्ज निघून गेला की काही लॅपटॉप यावरच उठतात. पंखा फिरतोय, कॅप्स लॉकचा दिवा लागतोय, पण स्क्रीन काळी असेल तर टीव्ही किंवा मॉनिटर एचडीएमआयनं जोडा. तिथे चित्र आलं तर दोष बहुधा स्क्रीनचा किंवा तिच्या केबलचा, बोर्डाचा नाही. काळ्या स्क्रीनवर तिरका टॉर्च मारून अंधुक चित्र दिसलं तर फक्त बॅकलाइट गेलाय. रॅम काढून तिची सोनेरी पट्टी खोडरबरनं हलकी पुसा आणि दोन असतील तर एकेक लावून बघा. चालू करताना लॅपटॉप बीप देत असेल तर ते नीट मोजा. डेलच्या जुन्या मॉडेलांत दोन बीप म्हणजे रॅम सापडत नाही, पाच म्हणजे सीमॉस बॅटरी (आतलं घड्याळ चालू ठेवणारी), आठ म्हणजे स्क्रीन. सीमॉसची ती गोल बॅटरी, सहसा सीआर 2032, कुठल्याही घड्याळवाल्याकडे मिळते. डेलच्या चार्जरच्या गोल पिनमध्ये मधोमध एक बारीक सुई असते. ती वाकली तर लॅपटॉप चालतो पण बॅटरी चार्ज होत नाही, आणि त्यालाही ‘बोर्डाचा प्रॉब्लेम’ म्हणून पैसे घेतले जातात.

एवढं करूनही बंदच असेल तर दुकानात बोर्ड डीसी सप्लायवर आपल्यासमोर लावायला सांगा. बोर्ड बाहेर काढला की त्याला फार वेळ लागत नाही. जो समोर लावायला तयार नाही त्याच्याकडे लॅपटॉप ठेवू नका. ठेवण्याआधी मागचं झाकण उघडता येत असेल तर बोर्डावरच्या स्टिकरचा आणि रॅम, हार्ड डिस्कच्या लेबलांचा फोटो घ्या. लॅपटॉप चालू असतानाच इथरनेटचा (वायरीच्या नेटवर्कचा) फिजिकल ॲड्रेस, म्हणजे त्याचा ओळख क्रमांक, लिहून ठेवलेला बरा. तो बोर्डावरच्या चिपचा असतो, त्यामुळे बोर्ड खरोखर बदलला तर सहसा बदलतो. वायफायचा ॲड्रेस उपयोगाचा नाही, कारण ते कार्ड वेगळं असतं आणि नव्या बोर्डावर तेच लावतात. जॉब कार्डवर, म्हणजे लॅपटॉप ठेवताना मिळते त्या पावतीवर, ‘बोर्ड बदलल्यास जुना बोर्ड परत’ असं लिहून घ्या.

दुकानदाराला फोटो दाखवल्यावर त्यानं ‘हे आमचं कामच नाही’ म्हणून हात वर केले. पण ‘न्यू मदरबोर्ड 8500’ असा त्याचाच व्हॉट्सॲप मेसेज आणि जीपेची पावती दाजींकडे आहे. 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर आम्ही तक्रार नोंदवली. ही हेल्पलाइन दोन्ही बाजूंत समेट घडवायचा प्रयत्न करते, आदेश देत नाही. म्हणून पुढे जिल्हा ग्राहक आयोगात जायची तयारी चालू आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही, वकील लागत नाही, आणि दोन वर्षांच्या आत अर्ज करायचा असतो. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार बिल न देणं हीच मुळात अनुचित व्यापारी प्रथा आहे, तेव्हा ‘बिल नाही म्हणजे तक्रार नाही’ असं कुणी सांगितलं तर गप्प बसू नका. मेसेज, पावती, फोटो, जे असेल ते जपून ठेवा आणि दुकानदाराला आधी लेखी नोटीस पाठवा. आमची नोटीस पोस्टानं गेली आहे.