चप्पल लाईनपासून दहा मिनिटांवर राहून चपलेतच फसलो

माझं घर कोल्हापुरात, मंगळवार पेठेत. चप्पल लाईन, म्हणजे कोल्हापुरी चपलांच्या दुकानांची ओळ, चालत दहा मिनिटांवर. तरीही गेल्या दसऱ्याच्या आधी मी 'अस्सल कोल्हापुरी' म्हणून जे चौसष्ट जोड विकले, त्यातला एकही मी डोळ्यांनी पाहिला नव्हता. गल्लीतली पोरं अजून हसतात. हसू देत.

सुरुवात मोबाईलवरच्या एका जाहिरातीनं झाली. स्टॉक नको, गोदाम नको, दुकानभाडं नको. फोन केला तर पलीकडे गोड बोलणारा माणूस, दर वाक्याला मला 'सर' म्हणणारा. त्यानं ड्रॉपशिपिंग समजावून सांगितलं. तुम्ही फक्त ऑनलाईन दुकान मांडायचं, ऑर्डर आली की आम्हाला कळवायची, माल आमच्या गोदामातून थेट गिऱ्हाइकाच्या दारात जाणार. पार्सलवर नाव मात्र तुमचं. ९९९ ला विका, कुरिअर धरून आम्हाला ५७० द्या, मधले तुमचे. 'सप्लायर पॅनेल'ची, म्हणजे ऑर्डरी कळवायच्या त्यांच्या साईटची, फी १४,९९९, एकदाच. आणि गोदाम कुठं? तर गोकुळ शिरगाव एमआयडीसीत. गावातलाच माणूस म्हणून मी निर्धास्त झालो. गाडीला किक मारून अर्ध्या तासात बघून येता आलं असतं, हे तेव्हा सुचलं नाही.

त्यानं शब्दाचा जो अर्थ सांगितला तो खोटा नव्हता, हे आधी सांगतो. ड्रॉपशिपिंग म्हणजे खरोखरच हे. जगभर चालतं, कायदेशीर आहे. त्यानं फक्त अर्धाच अर्थ सांगितला. माल मी हाताळत नसलो तरी गिऱ्हाइकाच्या दृष्टीनं विकणारा मीच असतो. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांत ग्राहकाच्या बाजूनं स्पष्ट आहे: माल सदोष निघाला किंवा जाहिरातीत दाखवला तसा नसेल, तर विक्रेत्याला तो परत घ्यायला नकार देता येत नाही. सप्लायरनं घाण केली म्हणून माझी सुटका नाही. 'सर, माल तुम्ही बघायचाच नाही, तोच तर फायदा,' असं तो म्हणाला होता. फायदा कुणाचा, एवढंच विचारायचं राहिलं.

पहिल्या नऊ ऑर्डरी व्यवस्थित गेल्या. सगळ्या सीओडी, म्हणजे पार्सल हातात पडल्यावर पैसे. पॅनेलवरच्या माझ्या वॉलेटमध्ये नफा दिसायला लागला, त्यातले दोन हजार बँकेतही आले. त्या दोन हजारांनी माझा घात केला. मी जाहिरातींवर अठरा हजार ओतले, आगाऊ पैसे भरणाऱ्याला भेट म्हणून गोंड्याचं किचेन जाहीर केलं. पुढच्या पंचावन्न ऑर्डरींपैकी चाळिसांनी पैसे आधीच भरले. त्यांचे प्रत्येकी ५७० प्रमाणे २२,८०० मी त्या 'सर'च्या खात्यात टाकले.

दसऱ्याच्या दोन दिवस आधी पुण्याहून एका ताईंचा फोन. 'अहो, तुम्ही कोल्हापूरचेच ना? मग हे काय पाठवलंत?' फोटोत रेक्झिनची, खिळे ठोकलेली, प्लास्टिकच्या तळाची चप्पल. मग फोन थांबेचनात. सीओडीवाल्यांनी पार्सलं नाकारली, ती आरटीओ झाली. आरटीओ म्हणजे गाडीच्या लायसनचं ऑफिस नव्हे, रिटर्न टू ओरिजिन. दोन्ही बाजूंचं कुरिअर भाडं माझ्या वॉलेटमधून वळतं झालं आणि वॉलेट शून्यावर आलं. 'सर'चा फोन बंद.

पुण्याच्या ताईंनी तो जोड मला परत पाठवला. तो आणि पॅनेलवरचा फोटो घेऊन मी चप्पल लाईनमध्ये एका जुन्या दुकानात गेलो. काकांनी जोड हातात घेऊन नुसता वाकवला आणि काउंटरवर टाकला. म्हणाले, 'बाळा, आपल्याकडं कातडं बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावत्यात. शिवण चामड्याच्या वादीची. खिळा दिसला की समज.' मग फोटो बघितला आणि चष्मा वर केला. 'आणि ही कापशी चप्पल तर आमचीच हाय. मागं बघ, आमचाच कट्टा.' माझ्या दुकानातला फोटो दहा मिनिटांवरचा होता आणि चप्पल कुठल्या मुलखातली, देव जाणे. वर 'कोल्हापुरी' या नावाला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय. महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे सोडून बाहेरच्या मालाला ते नाव लावता येत नाही. म्हणजे फसलेला मी, आणि कागदावर फसवणाराही मीच.

शाहूपुरीत माझ्या मामांची गुळाची पेढी आहे. त्यांना सगळं सांगितलं. ओरडतील वाटलं होतं, पण त्यांनी एकच विचारलं, 'तुझ्या नावाचं बिल कुठाय?'

बिल नव्हतंच. 'बिलाचं आम्ही बघतो सर,' एवढंच होतं.

'ह्यात नवीन काय रं? गूळ मी घरी आणून परत गुजरातला धाडतो व्हय? ट्रक परस्पर जातोय. जीएसटीत ह्याला बिल टू शिप टू म्हणत्यात. पण बिलं दोन. एक माझ्या नावावर, दुसरं मी पार्टीला दिलेलं. आणि गुळाचा रवा फोडून बघितल्याबिगर सौदा न्हाई.'

मग आम्ही पॅनेलवर खाली बारीक अक्षरात छापलेला जीएसटी नंबर काढला. या नंबरचे पहिले दोन आकडे राज्याचे असतात, महाराष्ट्राचे २७. गोकुळ शिरगावच्या या गोदामाचे २७ नव्हते. जीएसटीच्या पोर्टलवर नंबर टाकला, फुकट आणि लॉगिनशिवाय दिसतं, तर नोंदणी रद्द. दोन मिनिटांचं काम. पैसे भरायच्या आधी करायचं असतं, एवढंच.

१९३० या हेल्पलाईनला फोन करून सायबर तक्रार नोंदवली, पण पैसे देऊन तीन आठवडे उलटले होते. या नंबरवर पहिल्या काही तासांत फोन केला तर रक्कम खात्यात अडवता येण्याची शक्यता असते. माझी तोवर कुठल्या कुठे गेली होती. चाळीसही जणांचे पैसे मी परत केले. त्यातल्या नऊ जणांनी तक्रारच केली नव्हती, पण आईनं ऐकलं नाही. फी, आगाऊ दिलेले आणि जाहिराती मिळून ५५,७९९ गेले. ते सुखाचे दोन हजार वजा करा.

परवा तशीच जाहिरात पुन्हा दिसली. नाव वेगळं, आवाज तोच. आता कांदा-लसूण चटणी आहे, गोदाम शिरोली एमआयडीसीत. जीएसटी नंबर मागितला, तर म्हणाला, 'बिलाचं आम्ही बघतो सर.'