टोकियो-रस्टएलएस: सात महिने वापरल्यावर

शेतातल्या हवामान केंद्रांच्या नोंदी मोबाइल नेटवर्कवरून सर्व्हरला पाठवणारा आमचा प्रोग्राम रस्ट या प्रोग्रामिंग भाषेत आहे. टीएलएससाठी, म्हणजे डेटा एन्क्रिप्ट करून (सांकेतिक रूपात) पाठवण्यासाठी, सात महिन्यांपूर्वी टोकियो-रस्टएलएस ही लायब्ररी घेतली; ती आतून रस्टएलएस ही रस्टमधली टीएलएस लायब्ररी वापरते. केंद्रावरच्या छोट्या प्रोसेसरसाठी ओपनएसएसएल ही दुसरी टीएलएस लायब्ररी बांधण्याची कटकट गेली, तेवढ्यावरच मी खूश होतो.

ऑफिसच्या नेटवर्कवर दोन महिने सगळं सुरळीत चाललं. शेतावर मात्र नोंदींचा एखादा गठ्ठा मध्येच अडकायचा. सगळा डेटा लिहिणारं राईट_ऑल फंक्शन यशस्वी, लॉगमध्ये एकही एरर नाही. आम्ही सर्व्हरच्या पोचेची वाट बघतोय आणि सर्व्हर आमच्या उरलेल्या बाइट्सची! तीन दिवस सर्व्हरचा कोड चाळला. शेवटी पॅकेट्स पकडून पाहिली, तर शेवटचा तुकडा आमच्या यंत्रातून बाहेरच पडला नव्हता.

आपण लिहिलेला डेटा आधी रस्टएलएसच्या बफरमध्ये (तात्पुरत्या साठ्यात) जातो, तिथे एन्क्रिप्ट होतो आणि मग सॉकेटकडे, म्हणजे नेटवर्कच्या दाराकडे, सरकतो. नेटवर्क मंद असलं की सॉकेटचा बफर भरतो. पण रस्टएलएसने डेटा घेतलेला असतो, त्यामुळे राईट_ऑल आतून ज्याला बोलावतं ते पोल_राईट काम झाल्याचंच सांगतं. उरलेले बाइट्स आत पडून राहतात, आणि आपण नंतर वाचायला बसलो तरी ते आपोआप पुढे जात नाहीत. फ्लश करावाच लागतो, म्हणजे साठलेलं सगळं बाहेर ढकलायला सांगावं लागतं. लायब्ररीच्या रीडमी या माहितीपत्रकात हे स्पष्ट लिहिलंय. टीएलएस नसलेल्या साध्या कनेक्शनवर (टीसीपीस्ट्रीम) फ्लश काहीच करत नाही, म्हणून आम्हाला ती सवय नव्हती. गठ्ठा संपल्यावर फ्लशची एक ओळ घातली आणि अडकणं थांबलं, पाच महिने झाले.

दर वेळी मात्र फ्लश करू नका. तुकड्यातुकड्याने पाठवलं की प्रत्येक तुकड्याचं वेगळं रेकॉर्ड (टीएलएसचं पाकीट) बनतं. आम्ही आधी मजकुराची लांबी सांगणारे ४ बाइट्स वेगळे लिहायचो. टीएलएस १.३ मध्ये दर रेकॉर्डमागे ५ बाइट्सचं हेडर, १ बाइट प्रकाराचा आणि डेटा बदलला नाही हे तपासणारा १६ बाइट्सचा टॅग, म्हणजे त्या ४ बाइट्ससाठी २६ बाइट्स जायचे. खरं तर एका रेकॉर्डमध्ये १६,३८४ बाइट्स मावतात. लहान तुकडे साठवून एकदम लिहिणारा बफरायटर लावून आता लांबी आणि मजकूर एकत्रच पाठवतो.

कनेक्शन बंद करतानाही शटडाउन बोलवा. नुसतं ड्रॉप केलं (सोडून दिलं) तर कनेक्शन संपल्याचा क्लोज_नोटिफाय हा संदेश जात नाही आणि पलीकडे रस्टएलएस असेल तर वाचताना एरर येते.

एक अडचण आहेच: टाइमआउटने राईट_ऑल मध्येच तोडलं तर किती बाइट्स गेले ते कळत नाही. अशा वेळी ते कनेक्शन सोडून गठ्ठा नव्याने पाठवतो, आणि सर्व्हर गठ्ठ्याचा क्रमांक पाहून दुबार नोंद टाळतो.